पडद्याचा वाइड-फील्ड फोटो काढताना या चुका टाळा

नेहमीच्या फंडस कॅमेऱ्यात डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) ३० ते ५० अंशांचा भाग येतो. ऑप्टोससारख्या अल्ट्रा-वाइड-फील्ड मशीनवर एका फोटोत २०० अंश, म्हणजे पडद्याचा जवळजवळ ८२ टक्के भाग टिपता येतो. स्कॉटलंडचे डग्लस अँडरसन यांच्या लहान मुलाचा पडदा सुटला, तो वेळेत कळला नाही आणि एका डोळ्याची नजर गेली. त्या दुःखातून त्यांनी हे मशीन उभं केलं. ते मुळात कडा दिसाव्यात म्हणूनच आहे. मी रोज या मशीनवर बसते आणि नव्याने आलेल्या मुलामुलींच्या चुका बघते. त्यातल्या बहुतेक कडेलाच होतात.

पहिली चूक पापण्यांची. फोटोच्या खालच्या बाजूला कंगव्याच्या दातांसारख्या काळ्या रेघा दिसतात, ते पापण्यांचे केस. मधला भाग छान आला म्हणून ‘चालेल’ म्हणत तो फोटो सेव्ह होतो. एकदा मधुमेह असलेल्या एका आजींचा असाच फोटो माझ्यासमोर आला. खालचा एक तृतीयांश भाग जवळपास झाकलेला. मी त्यांना पुन्हा बसवलं. ‘आजी, अजून थोडं पुढे या, चेहरा नीट टेकवा, आता डोळा मोठा उघडा.’ वरची पापणी बोटाने उचलली, खालची कापसाच्या काडीने हळूच खाली धरली आणि क्लिक केलं. मघाशी जिथे केसांच्या रेघा होत्या, तिथे रक्ताचे बारीक ठिपके होते.

या मशीनवर फोटो डाव्या-उजव्या बाजूला लांबवर जातो, वर-खाली मात्र कमी पडतो. म्हणून शंका असेल तिथे एका फोटोवर थांबू नका. पेशंटला वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला सांगून वेगळे फोटो घ्या. खालचा पडदा हवा असेल तर नजर खाली. फोटो अंधूक आला तर आधी डोळे दोन-तीनदा मिटायला सांगा, कोरड्या डोळ्याने बराच फरक पडतो. तरीही साफ येत नसेल तर मोतीबिंदू आहे का, बाहुली फार लहान आहे का ते बघा. प्रत्येक फोटोत एकाच जागी डाग दिसत असेल, पेशंट बदलला तरी तिथेच राहत असेल, तर तो डोळ्यात नाही, मशीनच्या काचेवर किंवा आरशावर आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘(बाहुली मोठी करणारे) थेंब न घालता फोटो निघतो’ हे खरं आहे, पण त्याचा अर्थ ‘थेंब घालून तपासणी नको’ असा होत नाही. पेशंट म्हणतो, डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतंय, अचानक काळे ठिपके तरंगायला लागलेत, एका बाजूने नजरेवर काळा पडदा ओढल्यासारखं वाटतंय. अशा वेळी फोटो कितीही स्वच्छ आला तरी त्याला घरी पाठवू नका. पडद्याची अगदी पुढची कड, जिथे बारीक फाट असू शकते, ती फोटोच्या बाहेर राहू शकते. बाहुली मोठी करून, इनडायरेक्टने (डॉक्टर डोक्याला लावतात त्या दिव्याच्या यंत्राने), गरज पडली तर बाहेरून डोळा हलकेच दाबून डॉक्टरांनीच ती बघायची असते, आणि तीही त्याच दिवशी.

रंगांवरही भिस्त ठेवू नका. ऑप्टोसचा नेहमीचा फोटो लाल आणि हिरव्या लेझरपासून तयार होतो, त्यामुळे त्यातले रंग खऱ्या डोळ्यातले नसतात. हिरव्या किरणात रक्तवाहिन्या आणि रक्तस्राव ठळक दिसतात, लाल किरण आणखी खोल, पडद्यामागच्या थरापर्यंत जातो. म्हणून काळपट डाग दिसला की दोन्ही फोटो वेगवेगळे उघडून बघा. पडद्यामागचा तीळ लाल फोटोत ठसठशीत असतो आणि हिरव्यात बहुधा दिसेनासा होतो. सुजलेल्या मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) अंदाज मात्र कुठल्याच रंगीत फोटोवरून बांधू नका, त्यासाठी ओसीटीच, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅनच, लागतो.

डाग वाढला की नाही, हे बघतानाही घाई होते. गोल पडदा सपाट स्क्रीनवर आला की कडेची वस्तू ताणली जाते. गेल्या वेळी पेशंट सरळ बघत होता आणि आज थोडा बाजूला, तर तोच डाग मोठा वाटतो. घाबरून ‘वाढलाय’ लिहून टाकण्याआधी जुना फोटो शेजारी उघडा, तीच नजर ठेवून आजचा फोटो काढा, आणि शेजारच्या रक्तवाहिनीच्या वळणावरून ताडून बघा. स्क्रीनवर पट्टी लावून मोजू नका.

आणि पेशंटना एक विनंती. जुना फोटो डॉक्टरांना दाखवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे फाइल लहान होते आणि बारीक ठिपके पुसले जातात. क्लिनिककडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने मागून घ्या, आणि दोन्ही डोळ्यांची घ्या, त्रास एकाच डोळ्याला असला तरी.