निराधार योजनेतल्या ताईला पुन्हा शिकायचंय? आधी कागद, मग कोर्स

संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1500 रुपये घेणारी विधवा ताई ‘मला शिकायचंय’ म्हणाली की सगळे कोर्स शोधायला लागतात. घोडं अडतं ते कागदांपाशी.

सुरुवात नावापासून करा. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, असं बहुतेकींचं असतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद मिळवून ठेवा. शाळेचा दाखला हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत काढा. शिक्षण सुटलेल्या मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करा.

मग पायरी ठरवा. दहावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. दहावी नापास असेल तरी आयटीआयचे शिवणकाम किंवा वेल्डरसारखे ट्रेड बघा. तिथे कमाल वयाची अट नाही. बारावी झालेलीने घर आणि मजुरी सांभाळून शिकायचं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सोयीचं.

उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र वेळ द्या. निराधार योजनेची मर्यादा वर्षाला 21,000, तर अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची 2.5 लाख. शिष्यवृत्तीला चालतं म्हणून कुणी दाखल्यावर अंदाजाने 50,000 लिहिलं, तर पुढच्या पडताळणीत अनुदान अडकतं. खरं उत्पन्नच लिहा आणि दाखला हातात आल्यावर आकडा तिथेच वाचून घ्या.

आता बँक. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून येणारे शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, सरकारी पैशांसाठी आधारशी जोडलेल्या (‘सीडिंग’ केलेल्या) खात्यात जातात, आणि एका आधारला असं एकच खातं असतं. कॉलेजसाठी नवं खातं उघडताना ‘सरकारी पैशांसाठी आधार लिंक करू का?’ या प्रश्नाला ताई सहज हो म्हणते, आणि पुढच्या महिन्यापासून आधारवर येणारं अनुदानही त्याच नव्या खात्यात पडू लागतं. इकडे जुनं पासबुक कोरं राहतं आणि पैसे बंद झाले असं वाटून ती तहसीलला खेटे घालते, तेही बुडालेल्या मजुरीवर. म्हणून जुनंच खातं ठेवा. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती अर्जाआधी बघा.

योजनेत शिकायला मनाई नाही, बघतात ते उत्पन्न. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही लागतो. ती तारीख परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारीच लिहून ठेवा.