गॅरेजमधले सुतारकामाचे टेबल : या चुका टाळा

घरच्या गॅरेजमध्ये सुतारकामासाठी टेबल करायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा वजनाचा येतो. त्यावर किती किलो ठेवता येतील, पाय किती जाड हवेत, वर किती इंची फळी लागेल, अशी चौकशी सुरू होते आणि तिथेच विचाराची दिशा चुकते. तीन इंची चौरस चार पाय वरून येणारा भार सहज पेलतात. घरगुती कामातले वजन त्यांच्या ताकदीपुढे फार नसते. टेबलाची परीक्षा घेते ते आडवे बळ. रंधा मारताना सगळ्या अंगाचा जोर पुढे जातो, करवतीच्या प्रत्येक फेरीला तो मागेपुढे होतो आणि वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, धरलेला तुकडा पिळला की टेबलही पिळले जाते. आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून धरून काम करत आले, त्यामुळे हे सगळे बळ थेट जमिनीत जात असे. उभ्याने काम करायचे तर जमिनीची ती जबाबदारी टेबलावर येते. तिचा विचार न करता केलेली टेबले मी इतक्या गॅरेजांत डुलताना पाहिली आहेत की या विषयावर सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले.

सांगाडा डुलतो तो स्क्रू कमी पडल्यामुळे नव्हे

चार पाय आणि वर एक चौकट एवढेच केले, तर समोरून दिसणारा आयत ढकलल्याबरोबर तिरका होतो, कारण त्याचे चारही कोन केवळ सांध्यांच्या घट्टपणावर टिकलेले असतात. त्रिकोणाचे तसे होत नाही. एखादी बाजू तुटल्याशिवाय किंवा सांधा उखडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. टेबल हलू लागले की नवशिका माणूस प्रत्येक कोपऱ्यात आणखी दोन स्क्रू मारतो, मग लोखंडी एल-पट्ट्या लावतो, आणि पंधरवड्यात टेबल पुन्हा पूर्वीसारखे हलू लागते. या उपायात खर्चही होतो आणि पायांना भोके पडून लाकूड कमजोरही होते.

उपाय साधे आहेत. पायांना जोडणारी वरची आडवी पट्टी कमीत कमी चार इंच रुंद असावी, कारण पायाला भिडणारी तिची उंची जितकी जास्त तितका सांधा वळायला अवघड जातो. खाली, जमिनीपासून सहा-सात इंचांवर, चारही बाजूंनी दुसरी आडवी दांडी हवी. हे झाल्यावर मागच्या बाजूला १२ मिलिमीटरचा प्लाय सरस लावून स्क्रूने बसवावा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पसरलेला असा तक्ता तिरप्या आधाराचेच काम करतो आणि लांबीच्या दिशेचे डुलणे जवळजवळ संपवून टाकतो. रुंदीच्या दिशेसाठी दोन्ही डोक्यांना, म्हणजे टेबलाच्या आखूड बाजूंना, तसाच तक्ता किंवा तिरपी पट्टी लावावी. ज्यांना पटाशी चालवता येते त्यांनी दांडीचे टोक कोरून पायातल्या चौकोनी भोकात बसवावे. त्या सांध्याची बरोबरी कुठलाही स्क्रू करत नाही. येत नसेल, तर अर्ध्या इंचाचे नट-बोल्ट आणि मोठे वायसर वापरावेत. बोल्टचा मोठा फायदा असा, की लाकूड आकसून सांधा सैल पडला तर तो पुन्हा आवळता येतो.

वरचा तक्ता बसवण्याआधी मी नेहमी दोन गोष्टी तपासतो. सांगाड्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजतो. फरक एका सूतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त असेल तर सांधे सैल करून पुन्हा आवळतो. मग एका कोपऱ्यावर तळहात ठेवून लांबीच्या दिशेने जोराने ढकलतो आणि नजर पायाच्या सांध्यावर ठेवतो. तिथे केसाएवढी फट उघडत-मिटत असेल तर काम तिथेच थांबवावे. वर तक्ता चढल्यावर ती फट दिसेनाशी होते, पण टेबल डुलायचे थांबत नाही.

स्क्रूबद्दल स्पष्टच लिहितो. स्क्रू पाऊण भाग हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे पेचकसाने द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, आणि वेळ वाचतो म्हणून रोजंदारीवरचे कारागीरही तिचा अवलंब करतात. ठोकताना स्क्रूचे आटे लाकडाचे तंतू फाडत जातात, त्यामुळे आट्यांना धरायला काही उरत नाही आणि तो स्क्रू केवळ महागडा खिळा होऊन बसतो. आधी बारीक भोक पाडावे, सागवानासारख्या कठीण लाकडात तर ते टाळूच नये, आणि स्क्रूला थोडे मेण लावून तो फिरवतच आत न्यावा. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रूही सांगाड्यात वापरू नयेत. ते कडक केलेल्या पोलादाचे असतात; आडवा जोर आला की वाकत नाहीत, थेट तुटतात, आणि तुटलेला अर्धा भाग लाकडातच राहतो.

ओले लाकूड

सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे. माझ्या परिचयातल्या एका तरुणाने पुण्यात ऑगस्ट महिन्यात वखारीतून ऐनाच्या दीड इंची फळ्या आणल्या. आठवडाभरात त्या सरसाने जोडून दोन फूट रुंदीचा तक्ता केला आणि फॅब्रिकेटरकडून करून घेतलेल्या लोखंडी सांगाड्यावर बोल्टने आवळून टाकला. काम नीटनेटके होते, सरसाचे जोडही निर्दोष होते. एप्रिलच्या मध्यावर त्याने मला बोलावले तेव्हा तक्त्याला एका डोक्यापासून दोन फुटांहून लांब चीर गेली होती आणि डोक्याशी तिच्यात मोजपट्टीचे टोक सहज जात होते. कडेचे बोल्ट लाकडातल्या आपापल्या भोकांत बाहेरच्या बाजूला इतके दाबले गेले होते की लाकडावर आट्यांचे ठसे उमटले होते. सरसाचा एकही जोड उघडला नव्हता. फाटले होते ते फळीचे अंगच. लाकूड खराब निघाले, अशी त्याची समजूत झाली होती. लाकूड उत्तम होते, फक्त ओले होते.

लाकडातला ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ते आकसायला लागते. लांबीला ते जवळजवळ आकसत नाही. जे आकसते ते रुंदीला, आणि त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने होणारे आकसणे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. पावसाळ्यात आणलेल्या फळीत वीस टक्के ओलावा असेल आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो आठ-दहावर आला, तर दोन फुटांच्या तक्त्याची रुंदी जवळपास अर्ध्या इंचाने कमी होऊ शकते. लोखंड जागचे हलत नाही, गोल भोकातला बोल्ट सरकत नाही, त्यामुळे मधले लाकूड फाटण्याशिवाय दुसरे काही घडू शकत नाही. सागवान तुलनेने कमी आकसते, म्हणून ते महाग असूनही लोक घेतात. ऐन, बाभूळ किंवा नीलगिरीकडून मात्र तशी अपेक्षा ठेवू नये.

त्या टेबलाची दुरुस्ती आम्ही मे महिन्यात केली. सगळे बोल्ट काढले, चिरेच्या रेषेतच तक्ता करवतीने उभा कापला, दोन्ही कडा रंध्याने सरळ करून पुन्हा सरस लावून आवळल्या. नंतर सांगाड्याच्या पट्टीतली भोके रुंदीच्या दिशेने लांबट करून घेतली. फक्त मधल्या रेषेतले दोन बोल्ट गोल भोकांत घट्ट ठेवले, बाकीचे मोठे वायसर घालून लांबट भोकांत बसवले, म्हणजे तक्ता मध्याशी धरलेला राहतो आणि कडा ऋतूप्रमाणे आतबाहेर सरकू शकतात. लोखंडी असो वा लाकडी, कोणत्याही सांगाड्यावर अखंड लाकडाचा तक्ता बसवताना हेच करावे.

खरेदीनंतर फळ्या गॅरेजमध्येच, मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवाव्यात. त्यांचा किती दिवसांत वापर करावा याला दिवसांचे उत्तर नाही. मी एक तुकडा बाजूला काढतो, त्यावर तारीख लिहितो आणि दर आठवड्याला तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो. वजन उतरायचे थांबले की लाकूड त्या जागेच्या हवेशी जुळले असे समजावे. भारतीय मानक २८७ मध्ये हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग करून प्रत्येकासाठी लाकडातल्या ओलाव्याची मर्यादा दिलेली आहे, त्यामागचे कारणही हेच आहे. रत्नागिरीच्या हवेला जुळलेले लाकूड सोलापूरला कोरडे ठरत नाही. ज्यांना एवढी वाट पाहायची नाही त्यांनी अखंड लाकडाचा नाद सोडून सरळ प्लाय वापरावा. ती तडजोड लाजिरवाणी नाही, घाईने केलेला ओला तक्ता मात्र पैसे, लाकूड आणि उमेद तिन्ही वाया घालवतो.

जुन्या वाड्यांच्या तुळयांचे सागवान मिळाले तर जरूर घ्यावे. ते अनेक दशके वाळलेले असते. फक्त रंधा किंवा करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक सगळीकडून फिरवून घ्यावे, कारण आत तुटलेले खिळे हमखास असतात. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन स्वस्त पडते आणि सांगाड्याला चालते. त्यावर ‘एचटी’ हा शिक्का असलेले, म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड निवडावे आणि ‘एमबी’ शिक्क्याचे, म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, घेऊ नये.

प्लायचा तक्ता

१९ मिलिमीटरचा एक प्लाय सुतारकामाला पुरत नाही. हातोडीखाली तो उसळतो. दोन थर घ्यावे लागतात, आणि इथे बहुतेक जण सरस वाचवून फक्त चार स्क्रू मारतात. नुसते एकावर एक ठेवलेले दोन थर एका थराच्या दुप्पट ताठ होतात. तेच थर पूर्ण पृष्ठभागावर सरस लावून जोडले की ३८ मिलिमीटरचा एकसंध तक्ता तयार होतो आणि त्याचा ताठपणा आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सरसाच्या एका डब्यात इतका फरक पडत असताना तो वाचवणे मला समजत नाही. सरस दातेरी पट्टीने सगळीकडे पसरावा, मधून कडेकडे स्क्रू आवळत जावे आणि रात्रभर हात लावू नये. गॅरेज तिन्ही बाजूंनी बंद असेल तर मानक ३०३ चा, पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा प्लाय पुरतो. उघड्या पोर्चमध्ये पावसाचे शिंतोडे येत असतील तर मानक ७१० चा मरीन प्लायच घ्यावा. प्लायवरचा शिक्का स्वतः वाचावा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर विसंबू नये.

जमीन आणि पाणी

बंगल्यांच्या पार्किंगला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, हे टेबल करताना विसरले जाते. घराच्या आत सपाट फरशीवर जोडलेले टेबल बाहेर नेले की तीन पायांवर उभे राहते. सर्वांत आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारणे हा उपाय नाही. पुठ्ठा दाबला जातो आणि भिजतो. टेबल जागेवर नेऊन पाणसळ लावावी, प्रत्येक पायाखालची फट मोजावी आणि त्या मापाने पाय कापावेत. याहून सोपे म्हणजे पायांच्या तळाशी आवळता-सोडता येणारे बोल्ट बसवावेत.

गाडी धुतली की पाणी पायांपर्यंत येते, आणि लाकडाच्या आडव्या कापातून ते वर शोषले जाते. प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा एक इंच जाड तुकडा ठेवावा आणि पायाच्या तळाला सरसाचे दोन हात देऊन भोके बुजवावीत. टेबल भिंतीला चिकटवू नये. मागे चार बोटे जागा असली की वाळवीची मातीची रेघ वेळेवर दिसते.

थोडक्यात सांगण्यासारखे

उंची पुस्तकातल्या मापाने ठरवू नये. सरळ उभे राहून हात मोकळे सोडावेत आणि मनगटाच्या हाडाइतकी उंची धरावी. हाताने रंधा जास्त मारणाऱ्याने त्याहून इंचभर कमी ठेवावी.

वर चकचकीत मायका लावू नये, तुकडा त्यावर घसरतो. खाली कप्पे काढण्याची घाई करू नये. ते कडेपर्यंत आले की शिकंजा (क्लॅम्प) लावायला जागाच उरत नाही, म्हणून तक्ता समोरून आणि दोन्ही बाजूंनी तीन इंच बाहेर असावा. चाके लावूच नयेत. जागा अपुरी असल्यामुळे ती लावावीच लागली, तर काम करताना टेबलाचे सगळे वजन पायांवर येईल आणि चाके जमिनीपासून उचललेली राहतील अशी सोय करावी, कारण ब्रेक लावलेले चाकही रंध्याच्या जोराने सरकते.

वाइस शेवटी आणि घाईत बसवला जातो, तोही कुठेतरी मधोमध. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो समोरच्या कडेच्या डाव्या टोकाला, शक्य तितका पायाच्या जवळ बसवावा. त्याचा स्थिर जबडा तक्त्याच्या कडेशी समपातळीत असावा, म्हणजे लांब फळी पूर्ण लांबीवर टेबलाला टेकते. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट वापरावेत.

तक्त्याला वॉर्निशचा जाड थर नको. उकळलेल्या अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात पुरतात, मात्र ते वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना सारखे द्यावेत, नाहीतर एक बाजू जास्त ओलावा घेऊन तक्ता वाकतो. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत दोरीवर एकेक करून पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवाव्यात, आणि हे काम त्याच संध्याकाळी, गॅरेज बंद करण्यापूर्वी उरकावे.