बेळगावात बँड आहे, रेकॉर्डिंग करायचंय? मग हे वाचा

बेळगावच्या एका रॉक बँडमध्ये मी रिदम गिटार वाजवतो. आमचे काही सिंगल्स (एकेकटी काढलेली गाणी) आणि एक अल्बम आल्यापासून टिळकवाडी, शहापूरकडची कॉलेजची पोरं विचारतात, दादा स्टुडिओ कुठला, माईक कुठला, तासाचा रेट काय. ते सगळं नंतर बघू की, आधी सांग, तुमचं गाणं क्लिकवर वाजतंय काय?

क्लिक म्हणजे कानात वाजणारा मेट्रोनोम, ठरलेल्या वेगात टिकटिक करणारा. फेस्टला आपण जोशात असतो, कोरस आला की ड्रमर पळतोय आणि सगळे त्याच्यामागं पळतात, पब्लिकला तेच आवडतं. स्टुडिओत बहुतेक वेळा आधी ड्रम्स, मग बेस, मग गिटार, शेवटी व्होकल्स असं वेगवेगळं रेकॉर्ड होतं, तिथं पळालेला टेम्पो (गाण्याचा वेग) सगळ्यांच्या मानगुटीवर बसतो. मिनिटाला ११८ बीट ठेवायचे की १२२ हे प्रॅक्टिसलाच ठरवा आणि त्या टेम्पोत गाणाऱ्याला पूर्ण गाऊन बघू दे, चार बीट वाढले तरी शब्द तोंडात मावत नाहीत. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात पहिल्या अल्बमची १० गाणी रेकॉर्ड केली हे सगळेच सांगतात, पण त्याआधी ते हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबात रात्र रात्र वाजवत होते हे सांगायचं राहून जातं.

सिंगल सोपा. गिटार, बेस घरी इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडायची पेटी) लावून घेतले, ड्रम्स आणि व्होकल्सपुरता स्टुडिओ घेतला, झालं. प्रत्येक सिंगलला जागा वेगळी, स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) वेगळा, कुणाला कळत पण नाही. अल्बममध्ये गाणी एकामागोमाग वाजतात, मग एका गाण्यात स्नेअर टणटणीत आणि पुढच्यात पत्र्याच्या डब्यागत, लगेच कळतं. म्हणून अल्बमचे सगळे ड्रम्स एका दमात काढा, तोच किट, नवीन हेड्स (ड्रमचे पडदे), माईक स्टँडच्या पायांना जमिनीवर टेपची खूण, आणि दर टेकनंतर (एकदा वाजवून रेकॉर्ड केलं की) स्नेअरचं ट्यूनिंग तपासायचं. कंटाळवाणं काम आहे, ड्रमर शिव्या घालतो, पण मला विचाराल तर अल्बमचा निम्मा आवाज इथंच ठरतो.

आणि आपला पाऊस मर्दा! जुलैत पत्र्याखाली व्होकल्स विसरा. दमट हवेनं अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं, तारा वर उचलतात, ट्यूनिंग हलतं. आम्ही ती दोन्ही कामं सरळ दिवाळीनंतर ठेवली, पावसात फक्त बेस आणि इलेक्ट्रिक. लाईट जाते, तेव्हा कॉम्प्युटरला यूपीएस पाहिजेच, आणि रोजचं काम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर.

आमचा बेसवाला कन्नड शाळेचा, मराठी फाडफाड बोलतोय पण वाचताना अडखळतो, तर कोरसचे शब्द त्याला कन्नड लिपीत लिहून स्टँडवर लावले. त्याचा ळ आमच्या गायकापेक्षा भारी, चांदण्यातला च मात्र काही केल्या जमेना. कोरसमध्ये चारजण असले तर ओळीच्या शेवटचा स किंवा त एकानंच स्पष्ट म्हणावा, बाकीच्यांनी गिळावा, नाहीतर स चार वेळा ऐकू येतो.

मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, फायली पाठवताना २४ बिट वेव्ह (डब्ल्यूएव्ही फाईल), सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू झालेले, आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, साधारण उणे ६ डीबीपर्यंत. मास्टरिंगला (मिक्सनंतरचा शेवटचा हात) 'अजून लाऊड कर' म्हणून मागं लागू नका, स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, दाबून चपटी केलेली गाणी तिथं उलट मऊ वाटतात.

रिलीजची घाई नको, स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट एडिटरांना गाणं निदान ७ दिवस आधी पिच करा, म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवा, असं स्पॉटिफायच सांगतं. जुना सिंगल तसाच अल्बममध्ये घेताय तर त्याचा जुनाच आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्या, म्हणजे आधीचे प्ले तुटत नाहीत. परत रेकॉर्ड केला असेल तर कोड नवीन. आणि रिलीजच्या आधी, मैत्री चांगली असतानाच, गीतकार कोण, संगीतकार कोण, टक्के किती हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, पुढं आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गाणी नोंदवताना तेच आकडे भरायचे असतात.