पलटणीच्या नंबरावरून साहेबापर्यंत: इंग्रज जनरलची कारकीर्द कशी जुळवावी

सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या अजून आहेत. गावातून किती जण लढाईवर गेले आणि किती कामी आले, एवढंच त्यांवर कोरलेलं असतं. एकट्या अपशिंगे मिलिटरीचे ४६ जण परत आले नाहीत. गावाची स्मरणिका काढायची म्हटली की त्यांना हुकूम सोडणारा साहेब कोण होता, हे शोधावंच लागतं. खरं तर आपल्या शिपायापेक्षा साहेबाचे कागद लवकर सापडतात. घोळ होतो तो ते वाचताना.

आधी पलटणीचा नंबर मिळवा. पहिल्या युद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या स्टारवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर, हीच माहिती मागच्या बाजूला असते. पदक चिंच किंवा पावडर लावून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. तिरप्या उजेडात भिंगाने वाचा. १९२२ मध्ये नंबर बदलले, हेही ध्यानात असू द्या: मराठ्यांच्या १०३ नंबर पलटणीची १/५ झाली (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन), ११० ची ३/५ आणि ११७ ची ५/५. इंग्रजीत शोधताना मराठाचं जुनं स्पेलिंग टाका, त्यात ‘एमए’नंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ येतात. आजच्या स्पेलिंगने निम्मे कागद समोरच येत नाहीत.

पलटणीवरून ब्रिगेड, ब्रिगेडवरून डिव्हिजन, असं वर चढायचं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये होत्या, पण डिव्हिजन एकच: सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. एप्रिल १९१५ पासून तिचा जनरल होता चार्ल्स टाउनशेंड. २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमाराला (आजच्या इराकमध्ये) त्याने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली आणि आपली माणसं कैदेत गेली.

आता त्याची कारकीर्द. टाउनशेंडचं उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण तो एका जागी टिकला नाही. १८८१ मध्ये तो रॉयल मरीन्समध्ये भरती झाला, पुढे हिंदुस्थानी सैन्यात आला, १८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या किल्ल्यात वेढा सोसला, मग सुदान गाजवून ब्रिटिश पलटणीत गेला. म्हणून कागदही तीन ठिकाणी विखुरतात. मरीन अधिकाऱ्यांची सेवापत्रकं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये नौदलाच्या ‘एडीएम १९६’ मालिकेत, हिंदुस्थानी सैन्याची ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, आणि ब्रिटिश सैन्याची पुन्हा क्यूलाच, पण ‘डब्ल्यूओ’ (वॉर ऑफिस) खाली. एकाच दप्तरात शोधून ‘मिळत नाही’ म्हणणारे इथेच फसतात.

घरबसल्या दोन गोष्टी फुकट पाहता येतात. पहिली लंडन गॅझेट, म्हणजे बढत्या-नेमणुका छापणारं ब्रिटिश सरकारी राजपत्र. नाव पूर्ण टाकू नका, आडनाव आणि पलटण टाका. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यामुळे एखादं अक्षर हमखास चुकतं. अंकाची तारीख आणि बढतीची तारीख वेगळी असते. बढती ज्या दिवसापासून लागू, तो दिवस नोंदीच्या आत छापलेला असतो, तोच टिपा. दुसरी म्हणजे आर्मी लिस्ट, सैन्यातल्या अधिकाऱ्यांची छापील यादी; स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने तिचे बरेच खंड चढवलेत. मासिक लिस्टच्या सूचीतले आकडे पानांचे नसून रकान्यांचे असतात. ते माहीत नसलं की माणूस पानं उलटत बसतो.

हुद्द्यांसाठी वहीत दोन रकाने पाडा: कायम हुद्दा आणि त्या वेळचा हुद्दा. लढाईत ‘टेम्पररी’ (तात्पुरता) ब्रिगेडियर जनरल असलेला साहेब कायम हुद्द्याने मेजरही असू शकतो. युद्ध संपलं की खाली येतो. मग ती ‘शिक्षा झाली’ अशी गोष्ट गावात पसरते, जी बहुतेकदा खोटी असते. ब्रेव्हेट हा तिसराच प्रकार: सैन्यात मान वरचा, पलटणीत जागा जुनीच. ‘ब्रिगेडियर जनरल’ हा हुद्दा पहिल्या युद्धानंतर बंद झाला आणि ‘ब्रिगेडियर’ १९२८ पासून आला, त्यामुळे १९१६ च्या मजकुरात ‘ब्रिगेडियर’ दिसला तर लिहिणाऱ्याने नंतर दुरुस्ती केलेली असू शकते.

फोटो असेल तर खांदा पाहा. एकमेकांवर आडवी तलवार आणि बॅटन (आखूड दंड), सोबत एक तारा, म्हणजे मेजर जनरल. ताऱ्याऐवजी मुकुट असेल तर लेफ्टनंट जनरल. मुकुट आणि तीन तारे म्हणजे १९२८ नंतरचा ब्रिगेडियर.

फोटोखाली हुद्दा आणि किताब फोटोच्या दिवशीचाच लिहा. कुतच्या फोटोखाली ‘सर चार्ल्स’ चालणार नाही. तो किताब त्याला नंतर, तुर्कांच्या कैदेत असताना मिळाला.