आधुनिक युगाची पहाट समजून घेताना या चुका टाळा

‘1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान पोथ्या घेऊन इटलीत पळाले आणि युरोपात प्रबोधन सुरू झालं.’ स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, शाळेतल्या उत्तरांत, यूट्यूबवरच्या तासांत हे वाक्य इतक्या वेळा येतं की ते तपासून पाहावं असं कुणाच्या मनातही येत नाही. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की ते लगेच डळमळतं. प्राचीन रोमन लेखकांच्या हस्तलिखितांमागे आयुष्यभर धावणारा इटालियन कवी पेट्रार्क 1374 मध्येच वारला. मॅन्युएल क्रिसोलोरस हा बायझंटाईन विद्वान 1397 मध्ये फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवायला आला, तोही नगरराज्याने पगार ठरवून बोलावलं म्हणून. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट 1436 मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर पुरा झालेला होता. 1453 नंतर ग्रीक पोथ्यांचा ओघ वाढला, हे खरं. कार्डिनल बेसारियनने आपला मोठा संग्रह 1468 मध्ये व्हेनिसला दिला, तो याच ओघातला. पण विहिरीला पाणी आधीच लागलेलं होतं.

ही चूक तारखेची दिसते, पण तिच्या मुळाशी वाचण्याची एक सवय आहे आणि पुढच्या बहुतेक चुका त्याच सवयीतून येतात. शेवट काय झाला हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून सुरुवातही त्याच शेवटासाठी झाली असं आपण धरून चालतो. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या या मंडळींना नवं जग घडवायचंच नव्हतं. त्यांना जुनं हवं होतं: मूळची लॅटिन, मूळचं बायबल, मूळचं रोम. जुन्याचा शोध घेता घेता नवं हाती लागलं, आणि ते पाहून त्यांच्यातले कित्येक जण हबकले. हे एकदा ध्यानात घेतलं की या काळाचा अभ्यास कितीतरी सोपा होतो.

ल्यूथरला चर्च फोडायचं होतं असं लिहिणं

नेहमीचं वाक्य असं असतं: ‘1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने पोपविरुद्ध बंड पुकारून प्रोटेस्टंट पंथ स्थापन केला.’ या एका वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक ‘बंड’ या शब्दात. ल्यूथरने 31 ऑक्टोबर 1517 ला मांडलेली ती 95 प्रमेयं लॅटिनमध्ये होती. त्यांचा विषय होता पापक्षमापत्रांची विक्री, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचे, पैसे घेऊन दिलेले चर्चचे दाखले. विटेनबर्ग विद्यापीठातल्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने विद्वानांना दिलेलं ते वादाचं आवाहन होतं, आणि असं आवाहन हा विद्यापीठाचा रोजचा शिरस्ता होता. त्याच दिवशी त्याने माइन्झचा आर्चबिशप अल्ब्रेख्त याला अदबीने पत्रही लिहिलं. चर्चच्या दारावर खिळा ठोकल्याचं दृश्य चित्रांतून आपल्या डोळ्यांत बसलंय, पण ल्यूथरने स्वतः ते कुठेही लिहिलेलं नाही. ती हकीकत ल्यूथरचा सहकारी मेलान्क्थन याने ल्यूथरच्या मृत्यूनंतर नोंदवली, आणि मेलान्क्थन 1517 मध्ये विटेनबर्गला नव्हताच.

दुसरी चूक ‘पोपविरुद्ध’. पन्नासावं प्रमेय सांगतं की पापक्षमापत्रं विकणारे लोकांना कसे लुबाडतात हे पोपला कळलं, तर रोममधलं सेंट पीटरचं देऊळ जळून खाक झालेलं त्याला परवडेल. ही भाषा फिर्याद घेऊन गेलेल्या माणसाची आहे. संबंध तुटला तो तीन वर्षांनी. पोपने 1520 मध्ये तंबी देणारा फतवा काढला, ल्यूथरने तो 10 डिसेंबरला जाहीरपणे जाळला आणि 3 जानेवारी 1521 ला त्याला बहिष्कृत करण्यात आलं.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते: सगळं एका माणसाच्या धैर्यावर टाकून पैसा आणि राजकारण वगळणं. अल्ब्रेख्तने एकाहून अधिक धर्मप्रांत पदरात पाडून घेतले होते. त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ काढली. क्षमापत्रांच्या विक्रीतला निम्मा पैसा हे कर्ज फेडायला जात होता आणि निम्मा रोममधल्या याच देवळाच्या बांधकामाला. विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, फ्रेडरिक याने क्षमापत्रं विकणाऱ्या टेट्झेलला आपल्या मुलखात पाय ठेवू दिला नाही, त्याचंही एक कारण घरगुती होतं: त्याच्याकडे संतांच्या अवशेषांचा हजारोंचा संग्रह होता आणि त्याच्या दर्शनानेही क्षमा मिळत असे. मग जानेवारी 1519 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे जर्मन राज्यांच्या साम्राज्याचा, सम्राट मॅक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडणाऱ्या सात मतांपैकी एक फ्रेडरिकचं. त्याला दुखवणं पोपला त्या घडीला परवडणारं नव्हतं, आणि ल्यूथरवरची कारवाई रेंगाळली. ते महिने मिळाले नसते तर विटेनबर्गच्या या प्राध्यापकाची गत यान हुससारखी झाली असती. चर्चवर टीका करणाऱ्या या बोहेमियन धर्मोपदेशकाला 1415 मध्ये कॉन्स्टान्सला जिवंत जाळलं होतं.

‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडलं 1529 मध्ये, जर्मनीतल्या श्पायरच्या सभेत काही राजांनी आणि शहरांनी नोंदवलेल्या निषेधावरून. म्हणजे पंथाचं नावच एका राजकीय कागदातून आलेलं आहे. आणि ‘ल्यूथरने सामान्य माणसाला मुक्त केलं’ असं लिहायचा मोह झाला तर 1525 आठवावं. जर्मनीतल्या मेमिंगेनला शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. ख्रिस्ताने सगळ्यांना रक्त सांडून सोडवलं आहे, मग आम्ही वेठबिगार का, हा त्यातला सवाल. ल्यूथरने आधी राजांनाही बोल लावले, पण उठाव पेटल्यावर शेतकऱ्यांना निर्दयपणे ठेचा असं त्याने छापून सांगितलं. हजारो माणसं कापली गेली. या मागण्यांचा उल्लेख नसलेलं धर्मसुधारणेवरचं उत्तर मला तरी अपुरं वाटतं.

दुरुस्त वाक्य असं होईल: ‘1517 मध्ये ल्यूथरने क्षमापत्रांच्या विक्रीवर विद्यापीठीय वादाचं आवाहन केलं, छपाई, जर्मन राजांचे हितसंबंध आणि 1519 ची सम्राटाची निवड यांमुळे त्या वादाचं चार वर्षांत फुटीत रूपांतर झालं.’ लांबी वाढली, पण कारणं जागेवर आली.

छापखाना आला आणि अज्ञान गेलं असं मानणं

माइन्झच्या गुटेनबर्गने सुमारे 1455 मध्ये बायबल छापलं, हे सगळे लिहितात. त्याच सुमारास माइन्झमध्ये क्षमापत्रंही छापली जात होती, हे फार थोडे लिहितात. एका पानाचा छापील नमुना. त्यात घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरायला कोरी जागा सोडलेली. साठ वर्षांनी ज्या व्यवहारावर ल्यूथर तुटून पडला त्याला वेग दिला तो याच यंत्राने, आणि ल्यूथरचा आवाज घरोघर नेला तोही याच यंत्राने. चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांचा खटला कसा चालवावा हे शिकवणारा कुप्रसिद्ध ग्रंथ 1486 च्या सुमारास छापला गेला आणि पुन्हा पुन्हा छापला गेला. युरोपातला चेटकिणींचा सर्वांत मोठा छळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात झाला, छापखाने गावोगाव पोचल्यानंतर. ‘मध्ययुगीन अंधश्रद्धा’ म्हणून आपण जे मागच्या खात्यावर टाकतो, त्यातलं बरंच या पहाटेच्याच खात्यावर आहे.

आपल्याकडेही हेच दिसतं. 1556 मध्ये गोव्यात सेंट पॉल कॉलेजात जेझुइटांचा, म्हणजे एका कॅथलिक धर्मप्रसारक संघाचा, छापखाना सुरू झाला, भारतातला पहिला. चारच वर्षांनी, 1560 मध्ये, त्याच गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणारं, न्यायपीठ बसलं. दोन्ही एकाच जहाजमार्गाने आले. एकाला आधुनिक आणि दुसऱ्याला मध्ययुगीन म्हणून वेगळ्या प्रकरणांत टाकलं की गोव्याचं सोळावं शतक कळेनासं होतं.

शिवाय ‘गुटेनबर्गने छपाईचा शोध लावला’ असं मोघम लिहू नये. कोरियात धातूच्या सुट्या खिळ्यांनी (अक्षरांच्या ठशांनी) छापलेलं 1377 चं पुस्तक आजही उपलब्ध आहे. छपाईचं खरं बळ सांगायचं तर ते असं: शेकडो प्रती एकसारख्या असल्यामुळे दूरदूरचे दोन वाचक एकाच पानावर वाद घालू शकले, आणि एकदा बाहेर पडलेलं पुस्तक कुणालाच पुरतं गोळा करता आलं नाही. रोमने 1559 मध्ये निषिद्ध पुस्तकांची यादी काढली ती या दुसऱ्या अडचणीपोटी.

कोपर्निकस विरुद्ध चर्च

इथे थोडक्यात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकस स्वतः फ्राउएनबुर्गच्या कॅथेड्रलचा कॅनन (कॅथेड्रलच्या कारभारी मंडळाचा सदस्य), म्हणजे चर्चचाच माणूस. 1543 चा त्याचा ग्रंथ पोप तिसरा पॉल याला अर्पण केलेला आहे. छापा म्हणून त्याच्या मागे लागला तो ऱ्हेटिकस हा तरुण, ल्यूथरच्या विटेनबर्गातला गणिताचा प्राध्यापक. बंदी आली ती 1616 मध्ये, त्र्याहत्तर वर्षांनी. मधल्या काळात बायबलचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर युरोप फुटला होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये तो अधिकार चर्चकडे ठेवला होता. कोपर्निकसचं मत मांडल्याबद्दल 1633 मध्ये चाललेल्या गॅलिलिओच्या खटल्याचं उत्तर लिहिताना या फुटीचा उल्लेख नसेल तर ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ एवढंच उरतं, आणि ते कुठल्याही शतकाला चिकटवता येतं.

मॅकियाव्हेलीला एका वाक्यात बसवणं

‘साध्य साधनाला योग्य ठरवते’ हे वाक्य अवतरणचिन्हांत घालून त्याच्या नावावर देऊ नये. ते त्या शब्दांत त्याच्या ‘द प्रिन्स’मध्ये नाही. तो 1498 ते 1512 फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा अधिकारी होता. आधी सत्तेवर असलेलं मेदिची घराणं परतलं, त्याची नोकरी गेली, कटाच्या संशयावरून त्याला टांगून छळलं. मग तो शहराबाहेर आपल्या शेतावर राहू लागला. 10 डिसेंबर 1513 च्या पत्रात तो मित्राला आपला दिवस सांगतो: दिवसा लाकूडतोड्यांवर देखरेख, खाणावळीत गावकऱ्यांशी पत्ते आणि भांडणं, संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास प्राचीन लेखकांच्या संगतीत काढायचे, त्यांना प्रश्न विचारायचे. त्या संध्याकाळींतून ते छोटं पुस्तक आलं. त्याच माणसाने लिव्हीच्या रोमन इतिहासावर प्रजासत्ताकाच्या बाजूने कितीतरी मोठा ग्रंथ लिहिला. एक वाचून दुसरा सोडला की मॅकियाव्हेली नुसता कपटाचा गुरू उरतो.

1648 ला सगळं सुरू झालं असं म्हणणं

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ठरलेलं वाक्य आहे: 1648 मध्ये तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या वेस्टफेलियाच्या तहाने सार्वभौम राष्ट्र-राज्य जन्माला आलं. ते लिहिण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. सार्वभौमत्वाची मांडणी फ्रान्समध्ये जाँ बोदँने 1576 मध्येच केली होती. सेंट बार्थोलोम्यूच्या रात्री पॅरिसमध्ये सुरू झालेल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीला तेव्हा चारच वर्षं झाली होती. एकमेकांचे गळे कापणाऱ्या दोन पंथांच्या वर कुणीतरी एक हवा, ही गरज त्या मांडणीमागे उभी आहे. रक्तपाताची ही भीती वगळून सार्वभौमत्वाची व्याख्या पाठ केली तर ती कोरडी राहते.

दुसरी गोष्ट तहाच्या मजकुरातली. 1555 च्या आउग्सबुर्ग तहाने राजाचा धर्म तोच प्रजेचा, असं तत्त्व आणलं होतं. 1648 च्या तहाने 1624 हे प्रमाण वर्ष ठरवलं: त्या वर्षी जिथे ज्या पंथाची उपासना चालू होती, ती बहुतेक ठिकाणी चालू राहणार, मग राजाने पंथ बदलला तरी. म्हणजे धर्माच्या बाबतीत राजाचे हात बांधले गेले. ओस्नाब्रुकमध्ये तर असं ठरलं की एकदा कॅथलिक बिशप आणि त्याच्यानंतर प्रोटेस्टंट, अशी आळीपाळी चालायची. पवित्र रोमन साम्राज्यही मेलं नाही, ते 1806 पर्यंत टिकलं. ‘सार्वभौम राज्यांच्या दीर्घ घडणीतला महत्त्वाचा टप्पा’ असं लिहिलं तर कुणी खोडू शकणार नाही.

संतांची आणि ल्यूथरची तुलना घाईने करणं

मराठी वाचकाला ही तुलना हमखास सुचते, आणि तिला मोठं नाव आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरच्या पुस्तकात संतांची चळवळ आणि युरोपातली धर्मसुधारणा शेजारी ठेवली. लोकभाषा, पुरोहितांच्या मक्तेदारीला धक्का, भक्तीची थेट वाट, ही साम्यं खरी आहेत. पण रानडे यांचा हवाला देऊन थांबू नये. पंढरपुराला रोमसारखी आज्ञा काढणारी गादी नव्हती. मठांच्या जमिनी खालसा करून नवा पंथ उभारणारे राजे वारकऱ्यांच्या मागे नव्हते, आणि पंथावरून तीस वर्षांचं युद्धही इथे झालं नाही.

माझ्या मते नेमकी तुलना वेगळ्याच जागी आहे. डच विद्वान इरॅस्मसने ग्रीक हस्तलिखितं ताडून पाहून 1516 मध्ये बाझेलला बायबलच्या नव्या कराराचा पाठ छापला. त्याच्याच दुसऱ्या आवृत्तीवरून ल्यूथरने जर्मन भाषांतर केलं. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून अपपाठ काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. दोघांनाही मूळचं शुद्ध हवं होतं, दोघांची मेहनत एकाच जातीची. पुढचा रस्ता मात्र वेगळा झाला. इरॅस्मसचा पाठ काही वर्षांत युरोपभर शेकडो छापील प्रतींनी पोचला. एकनाथांचा पाठ हाताने उतरवला जात राहिला आणि कीर्तनांतून, पारायणांतून फिरला. ज्ञानेश्वरी छापून निघाली ती 1845 मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी शिळाप्रेसवर काढली तेव्हा. तुलनेचा प्रश्न आला तर या दोन पाठांपासून सुरुवात करावी आणि मधल्या 261 वर्षांना उत्तरात जागा द्यावी.