गणपती गेले, आता बादल्या भरायला घ्या

जूनमधे परसात भाजी लावून हात पोळून घेतलेले आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात बरेच असतील, मी पण त्यातलाच. इकडच्या पावसात झाडं उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात. म्हणून गणपती ते दसरा ही वेळ धरा, पाऊस जरा हलका झाला की मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरा आणि वांगी-टोमॅटोचं बी रोपांसाठी टाकून ठेवा.

कुंड्या विकत आणायच्या नाहीत. कलरची जुनी बादली, सिमेंटचं पोतं काय पण चालतं, पण पोतं आतून चांगलं धुवा. बुडाला भोक सगळेच पाडतात, पण बादली फरशीवर टेकली की ते बुजतं, तेव्हा दोन बोटं वर बाजूनं पण चार-पाच पाडा. दोन पाट्या माती, एक पाटी शेणखत, अर्धी पाटी भाताचा तूस. काळी चिकट माती असेल तर तूस वाढवा, तांबड्या मातीत शेणखत.

शेणखत मात्र कुजलेलंच पाहिजे. मागल्या वर्षी घाई करून अर्धकच्चं घातलं, वांगं रोज दुपारी मान टाकायचं, मी आपला पाणी घालतोय घालतोय, शेवटी उपटलं तर मुळं खाल्लेली आणि खाली करंगळीएवढी पांढरी हुमणी (मुळं खाणारी अळी) अर्धगोल होऊन पडलेली!

धणे तसेच टाकू नका, चपलेनं हलकं रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा, तरी आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. मेथी चार दिवसांत वर येते, महिन्यात भाजीला. घरातलं जुनं बी उगवतंय का बघायचं असेल तर घटाच्या मातीतच दहा दाणे टाका, सहा-सात पण उगवले नाहीत तर ते बी सोडून द्या.

जीवामृताला (शेण-गोमूत्राचं पातळ खत) 20 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. काळा स्वस्त गूळ घ्या, चांगला खायला ठेवा. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आठवड्यात संपवायचं, कुंडीला दहापट पाणी घालून द्यायचं.

निपाणीकडची मंडळी माव्याला (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) तंबाखूचं पाणी मारतात, ते घरच्या भाजीवर नको. निकोटीन विषारी असतंय, शिवाय तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगं एकाच कुळातली, तंबाखू मळलेल्या हातानं पण टोमॅटोला मोझॅक व्हायरस लागू शकतो, तेव्हा आधी साबणानं हात धुवा. माव्याला निंबोळी पूड बास झाली, लिटरला 50 ग्रॅम रात्रभर भिजवून गाळा, साबणाचे चार थेंब टाका आणि संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं मारा.

दसऱ्याच्या झेंडूच्या माळा कचऱ्यात टाकू नका, वाळवून फुलं कुस्करून टोमॅटोच्या बाजूला पेरा, झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी (मातीतले मुळांना लागणारे बारीक किडे) कमी होतात. हायब्रीड फुलांचं बी सगळंच उगवत नाही, म्हणून मूठभर टाका.