बार चालेना म्हणून मेनू बदलताय? या चुका टाळा

ठाण्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक परमिट रूम आहे. खाली बार, वर फॅमिली सेक्शन, कार्डावर २१२ पदार्थ. व्हेज कोल्हापुरीपासून ट्रिपल शेजवानपर्यंत जे सगळीकडे मिळतं ते तिथेही मिळायचं, आणि संध्याकाळी साडेसातला ठरलेली माणसं ठरलेल्या टेबलांवर येऊन बसायची. धंदा उतरत चालला तेव्हा शेठनी मला बोलावून घेतलं. मी खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले, "कन्सेप्टच बदलून टाकू. समोर ते नवीन झालंय ना, तसं."

मी आधी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, मग मॅनेजर म्हणून फ्लोअरवर बरीच वर्षं काढली. आता अडचणीतल्या हॉटेलांची कार्डं लावून देतो. हे वाक्य मला नवीन नाही. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक मालकांच्या आहेत. एक माझी आहे, आणि ती चांगलीच महागात पडली.

रोग रेड्याला, औषध पखालीला

गिऱ्हाईक कमी झालं की मालकाचा हात पहिल्यांदा मेनू कार्डावर जातो, कारण तेच बदलणं सोपं वाटतं. पण महाराष्ट्रातल्या बारचं दुखणं अलीकडे बऱ्याचदा पेगच्या भावात असतं. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० वर गेला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करायचा निर्णय झाला. त्याच वर्षी परवान्याची फीही १५ टक्क्यांनी वाढली. १४ जुलैला राज्यातल्या बारवाल्यांनी शटर खाली ओढलं ते याच तीन गोष्टींवरून. वाइन शॉपमधून क्वार्टर घेऊन घरी बसणारा माणूस तुमच्या पनीर टिक्क्याला कंटाळलेला नसतो, त्याला बिल झेपत नसतं. त्याच्यापुढे इटालियन कार्ड ठेवून काय साधणार?

म्हणून आधी दोन महिन्यांच्या केओटी आणि बीओटी, म्हणजे किचनच्या आणि बारच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या, काढा आणि एका वहीत मांडा: वार, वेळ, टेबल, माणसं, पेग. सॉफ्टवेअर असेल तर अर्ध्या तासाचं काम, नसेल तर दोन दिवस जातील, जाऊ द्या. ठाण्यात हे केलं तेव्हा दिसलं की खालच्या बारमधली माणसं फारशी घटलेलीच नव्हती. तिसरा पेग गेला होता. दोन घेऊन माणूस उठत होता.

वरचा फॅमिली सेक्शन मात्र खरंच ओस पडला होता, आणि त्याचं कारण कुठल्याच केओटीत नव्हतं. ते कॅप्टनने मला जिन्यात गाठून सांगितलं. "साहेब, वरच्या लेडीज टॉयलेटची कडी आठ महिने मोडलीये. बायका एकदा येतात, परत येत नाहीत." शेठना कुणी सांगितलं नव्हतं आणि शेठ वर कधी जात नव्हते. कडी बसवायला अडीचशे रुपये लागले. नव्या इंटिरियरचं कोटेशन तोवर बावीस लाखांवर गेलेलं होतं.

एका रात्रीत कार्ड कापणं

२१२ पदार्थ ही चैन कुणालाच परवडत नाही. फ्रीजमध्ये अर्धे डबे कशाचे ते आचाऱ्यालाही सांगता येत नाही. कापाकापी हवीच होती. मी विक्री आणि नफा असे दोन रकाने आखले. १९८२ साली मिशिगनमधल्या दोन प्राध्यापकांनी मांडलेली ही पद्धत हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना हमखास शिकवतात: जे खपतं आणि कमावतं ते ठेवा, जे खपतं पण कमावत नाही त्याचा भाव किंवा वजन बघा, जे कमावतं पण खपत नाही ते कार्डावर वर आणा, आणि जे दोन्हीत नापास ते काढा. त्या हिशेबाने मी कार्ड ४८ वर आणलं. त्यात उकडलेले चणे गेले.

चणे, वर कांदा, मिरची, अर्धं लिंबू. प्लेटमागे सुटतात किती? आणि नव्या कार्डाच्या त्या काळ्या गुळगुळीत कागदावर ते शोभतही नव्हते.

चार नंबरच्या टेबलावर एक निवृत्त गृहस्थ बसायचे. त्यांची ऑर्डर कधी कुणी घेतलीच नाही. ते जिन्याशी दिसले की कॅप्टन साठचा पेग, सोडा आणि चणे सांगून मोकळा व्हायचा. नवीन कार्ड आलं त्या दिवशी पोराने त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, पुन्हा पहिल्यावर आले. एक बिअर मागवली, अर्धी ठेवली, टीप नेहमीपेक्षा जास्त ठेवली आणि गेले. टीप जास्त ठेवली म्हटल्यावर कॅप्टनला कळलं. मला कळायला महिना लागला.

रकाने दोन आखले होते, तिसरा हवा होता: या प्लेटसोबत बिलात आणखी काय आलं? जुन्या केओटी-बीओटी शेजारी ठेवून पुन्हा तपासल्या तेव्हा दिसलं की ज्या टेबलांवर चणे, मसाला पापड किंवा शेंगदाणा मसाला होता तिथे तिसरा पेग टिकून होता. चखणा संपेस्तोवर माणूस बसतो, आणि बसला की मागवतो. खपाच्या यादीत तळाशी असलेली ती प्लेट टेबल धरून ठेवत होती. कार्ड कापायचं तर एका वेळी एक भाग कापा: आधी चायनीज, तीन आठवड्यांनी तंदूर. चखण्याला शेवटपर्यंत हात लावू नका.

ताटातल्या माशाचा भाव

कन्सेप्ट बदलायचा म्हटला की हल्ली दोनच गोष्टी सुचतात, कॉकटेल नाहीतर मालवणी. मालवणी वाईट नाही, ठाण्यात गिऱ्हाईक आहे. पण हिशेब बघा. समजा सुरमई ९०० रुपये किलोने आली. मालक म्हणतो, दीडशे ग्रॅमची तुकडी म्हणजे १३५ रुपये. रवा, तेल, मसाला, सोलकढी मिळून ३० धरा. १६५ झाले, ४५० ला विकू, फूड कॉस्ट (विक्रीच्या भावातला मालाचा खर्च) ३७ टक्के. कागदावर ठीक. पण डोकं, शेपूट, पोटातलं गेल्यावर किलोतलं समजा ६५० ग्रॅमच प्लेटवर जाण्याजोगं उरलं, तर खरा दर किलोला १,३८५ होतो. तीच तुकडी २०८ ला पडते, प्लेट २३८ ला, आणि फूड कॉस्ट ५३ टक्के. भाडं, पगार, गॅस अजून बाजूलाच आहेत. डोक्यांचं कालवण लावून विकणार असाल तर थोडं भरून निघेल. ठाण्यात ते स्टाफच्या जेवणात जायचं. (स्टाफ खूश होता, हेही नोंदवतो.)

बारमध्ये हीच गळती थेंबाथेंबाने होते. ७५० मिलीच्या बाटलीत तीसचे २५ पेग बसतात. हात सैल असला की २४ निघतात, म्हणजे ४ टक्के गेले. कॉकटेल सुरू केलं की मोजमाप आणखी सैल होतं. शिवाय एकाच काउंटरवर बारटेंडर पुदिना कुटत बसला की शेजारी बिअरच्या चार ऑर्डरी खोळंबतात.

आणि इंटिरियरच्या कोटेशनवर शेवटी बारीक अक्षरात जीएसटी असतो, तो वाचा. रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के आहे, पण त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून हे असंच आहे. फर्निचर, एसी, फॅब्रिकेशनवर जो १८ टक्के भराल तो परत येत नाही. बावीस लाखांवर ते ३ लाख ९६ हजार होतात. दारू तर जीएसटीच्या बाहेरच.

चुकलेला मुहूर्त

मला माहीत असलेल्या एका जागेने "फ्रेश कॅच" अशी पाटी लावून जूनच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन केलं. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनपासून बंद होते हे नव्या पार्टनरला ठाऊक नव्हतं. दोन महिने बर्फातली सुरमई वाढली. ज्याला मासा कळतो तो पहिल्या घासाला ओळखतो.

त्यानंतर श्रावण. गटारीला टेबल मिळत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून माश्या मारत बसायचं, हे बारवाल्याला कुणी सांगायला नको. तरी उद्घाटनं श्रावणात होतात, कारण कंत्राटदाराने काम तेव्हा संपवलेलं असतं. २०२६ चंच बघा. अधिक ज्येष्ठामुळे सगळं पुढे गेलंय: श्रावण १३ ऑगस्टला सुरू, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा २० ऑक्टोबरला. सामिष कार्ड घेऊन या दोन महिन्यांत उतरणं म्हणजे भाडं खिशातून भरणं. काम लांबलं तर उद्घाटन दसऱ्यानंतर न्या, आणि मधल्या काळात जुन्या कार्डावर दार उघडं ठेवा. बंद दाराची लोकांना फार लवकर सवय होते.

परवाना नकाशावर असतो

एफएल-३, म्हणजे परमिट रूमचा परवाना, मंजूर नकाशासकट मिळतो. काउंटर इकडचा तिकडे केला, मधली भिंत पाडली, नाव बदललं, भागीदार घेतला, की राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आधी घ्यायची, सुतार नंतर. गाणीबजावणी ठेवायची तर संगीताचा आणि पोलिसांचा परवाना वेगळा, आणि उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद.

गच्चीचा विचार डोक्यात असेल तर थांबा. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या बारना आग लागून १४ जण गेले. गच्चीवर बांबू, ताडपत्री आणि शोभेचं कापड लावून "रूफटॉप" करून देणारे कंत्राटदार अजूनही फोन करतात. त्यांना चहाही पाजू नका.

झालंच असेल तर

कार्ड बदलून बसलायत आणि गल्ला खाली आलाय, तर पुन्हा सगळं उलटं फिरवू नका. त्याने उरलेलं गिऱ्हाईकही गोंधळतं. ठाण्यात आम्ही नव्या कार्डात एक साधं पान घातलं, जुन्या अकरा पदार्थांचं, जुन्याच नावांनी. कॅप्टनला दोन दुपारी मोकळ्या दिल्या आणि त्याच्या फोनमध्ये नंबर असलेल्या जुन्या लोकांना फोन करायला सांगितलं. ऑफर काही नाही, एवढंच की "साहेब, चणे परत सुरू केलेत." नव्या पदार्थांपैकी सहा आठवड्यांत ज्यांची रोज पाच प्लेटीही उठत नव्हती ते काढले. आठ उरले, त्यात कोळंबी कोळीवाडा जोरात आहे. साठच्या पेगचा भाव संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळेपुरता उतरवला. इंटिरियर अर्ध्यावर थांबवलं, म्हणून खाली एक भिंत काळी आणि तीन पिवळ्या आहेत.

बरेचजण परत आले. चार नंबरचे गृहस्थ आले नाहीत. ते समोरच्या नव्या जागेत बसतात म्हणे. तिथे चणे मिळतात, "चना चाट" नावाने, दुप्पट भावात.